सात नंबरची त्राइन

विश्वस्तांच्या खोलीतल्या चित्रातली चौथी बाई कधी नव्हतीच, असं डॉ. मेंडर्ट यांनी एका मंगळवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा आमच्यातल्या निम्म्याजणींच्या तोंडात बिस्किट होतं.

चित्र मोठं आहे, भिंतभर. काळ्या कपड्यांतल्या चार बायका टेबलाभोवती बसल्यात, गळ्यात पांढऱ्या कडक कॉलरी, आणि समोरच्याचं काहीतरी आत्ताच नापसंत केल्यासारखे चेहरे. उजवीकडची चौथी तेवढी किंचित हसते. लायडनच्या या आवारात राहायला येणारी प्रत्येक बाई आधी त्या खोलीत जाते, नियम ऐकते, सही करते, आणि नियम ऐकताना धीर म्हणून त्या चौथीकडे बघत राहते. मीही तेच केलं होतं. माझ्या शेजारची सात नंबरची यिक्के तर खोली झाडायची पाळी आली की आधी तिची विचारपूस करायची, मग केरसुणी हातात घ्यायची.

डॉक्टर विद्यापीठातून आले होते. शहराचा इतिहास, कला आणि समाज असा त्यांच्या विभागाचा मोठा पसारा आहे आणि त्यातून समूहचित्रांचा उजवा कोपरा त्यांच्या वाट्याला आला आहे. त्यांचं म्हणणं असं की त्या काळी चित्रकार डावीकडून सुरुवात करत आणि उजव्या कोपऱ्याशी येईतो त्यांच्याकडची माणसं संपून जात. मग त्या रिकाम्या कोपऱ्यात काय भरायचं, यावरून समाज कळतो. डावा कोपरा त्यांच्या एका सहकाऱ्याकडे आहे. त्या दोघांचं बोलणं नाही.

तर डॉक्टरांनी आपलं यंत्र चित्रासमोर लावलं, आतलं बघितलं, आणि चौथ्या बाईच्या खाली त्यांना एक कपाट सापडलं. पूर्ण रंगवलेलं, कडीकोयंड्यासकट. कपाटाशेजारी एक कुत्रा. चित्रकाराला ते कपाट बहुधा आवडलं नसावं, किंवा पैसे देणाऱ्यांना कुत्रा आवडला नसावा, म्हणून त्याने त्यावर एक बाई बसवली. चेहरासुद्धा नवा काढला नाही. तोच चेहरा त्याच्याच दुसऱ्या एका चित्रात कोळंबी विकतो आहे.

“म्हणजे तीनच होत्या?” हिलेगोंडाने विचारलं. हिलेगोंडा दोन नंबरमध्ये राहते. आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे तिला उत्तर माहीत असलेले प्रश्नही विचारायची सवय आहे.

“तीन बायका आणि एक कपाट,” डॉक्टर म्हणाले. ते इतके आनंदात होते की त्यांनी न विचारता दुसरं बिस्किट उचललं, आणि आमच्या अध्यक्ष फान आस्परेनबाई यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

झाकण लावता लावताच बाईंचा हात थांबला. त्या चांगल्या बाई आहेत. त्यांच्या घराण्यात पाच पिढ्या कुणी ना कुणी आमची विश्वस्त आहे आणि त्यामुळे हे आवार बांधणाऱ्या माख्टेल्टचं इच्छापत्र त्यांना तोंडपाठ आहे. माख्टेल्ट ही कापडवाल्याची विधवा. एकट्या बायकांसाठी तिने ही चौदा घरं बांधली आणि मरताना स्पष्ट सांगून गेली की कारभार तिघींनी बघावा, चौथी आली की कारभार थांबून गप्पा सुरू होतात. तिघींहून जास्त जणींनी जे ठरवलं ते ठरलंच नाही असं धरावं.

आणि आमचे विश्वस्त तर चार. माझ्या माहितीत कायम चार. ते कसं झालं असेल, हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे जुळवून दाखवलं. पहिल्या तिघी गेल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या. नव्यांनी चित्रातली डोकी मोजली, चार भरली. मग आपण तीनच कशा? चौथी वारलेली दिसते. बिचारीची जागा कुणी भरलीच नाही, म्हणून त्यांनी ती घाईने भरली. तेव्हापासून कधीही नसलेल्या बाईचा वारस आमच्याकडे नियमाने नेमला जातो.

सध्याचे वारस लोडेवाइक. निवृत्त दंतवैद्य, अतिशय सभ्य. ते त्याच टेबलाशी बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनी हळूच कप खाली ठेवला आणि म्हणाले, मला कायम वाटायचं की माझं बोलणं कुणापर्यंत पोचत नाही.

आता दुसऱ्या कुठल्या शहरात हे प्रकरण हसून मिटलं असतं. आमच्याकडे नोटरीला बोलावलं. नोटरीने दोन दिवस कागद वाचले आणि सांगितलं की ती चौथी जागा भरल्यापासून आजपर्यंत आवारात घेतलेला एकही निर्णय झालेला नाही. ते सगळे पुन्हा घ्यावे लागतील, तीन विश्वस्तांनी, आणि आता काळ बदलला आहे तेव्हा सगळ्या रहिवासी बायकांना विचारून. अनुक्रमाने.

त्या संध्याकाळी यिक्के माझ्या स्वयंपाकघरात आली आणि वाटाण्याच्या सूपचं पातेलं हातात तसंच धरून उभी राहिली. मला वाटलं सूप द्यायला आली आहे.

“म्हणजे तो रात्रीचा नियमही झालेला नाही?” ती म्हणाली.

मला लगेच कळलं. आवारात राहणाऱ्या कुठल्याही बाईने रात्री पुरुषाला घरात ठेवून घेऊ नये, हा ठराव सोळाशे अठ्ठ्याऐंशीचा. नऊ वाजता फाटक बंद होतं आणि त्याआधी बाहेरचा बाहेर. यिक्के एकोणऐंशी वर्षांची आहे आणि तिचा डाउवे एक्याऐंशीचा. तो कालव्यावरच्या पुलाचा राखणदार होता. बोटी आल्या की पूल उचलायचा, गेल्या की खाली ठेवायचा, असं त्याने पस्तीस वर्षं केलं, आणि त्यामुळे त्याला कशाचीच घाई नसते. रोज दुपारी तो सायकलवर येतो, दोघं पत्ते खेळतात, जेवतात, रेडिओ ऐकतात, आणि नऊला पाच मिनिटं असताना तो टोपी घालून निघतो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. वाट सगळी पाण्याच्या कडेने. हिवाळ्यात फरशीवर बर्फाची काच होते. तो घरी पोचून फोन करेपर्यंत यिक्के कोट अंगात घालून बसते. कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. वेळ आली तर निघायला बरं, म्हणाली.

तिने दुसऱ्याच दिवशी अध्यक्षबाईंना गाठलं आणि तो नियम पहिला घ्या अशी विनंती केली. बाईंनी तिचा हात हातात घेतला, डाउवेची चौकशी केली, आणि सांगितलं की अनुक्रम म्हणजे अनुक्रम. तोवर सगळे जुने नियम तात्पुरते चालू राहतील. साडेतीनशे वर्षं बिनबोभाट चाललेली गोष्ट आता तात्पुरती चालणार होती.

दर मंगळवारी सभा सुरू झाल्या. आमच्या सभेची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आधी कॉफी, एकेक बिस्किट, मग प्रत्येकीने बोलायचं, जिला काही म्हणायचं नाही तिनेही काही म्हणायचं नाही असं म्हणायचं. कुणाच्या मनात काही राहता कामा नये. सगळं बोलून झालं की अध्यक्षबाई विचारतात, कुणाची हरकत? आणि थांबतात. कुणी बोललं नाही तर ते मंजूर. गप्प राहणं म्हणजे होकार, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना कायदा आहे, माख्टेल्टच्याही आधीचा.

पहिला विषय होता सोळाशे एकोणसत्तरच्या हिवाळ्यात जळणासाठी घेतलेली माती, दलदलीतून खणून वाळवून जाळायची ती. मला वाटलं दोन मिनिटांचं काम. सबंध सकाळ गेली. डॉक्टरांनी जुन्या वहीतून वाचून दाखवलं की माल ओलसर निघाला, आणि मग बायकांना राहवेना. ओलसर माल घेतलाच का? धूर किती झाला असेल, या एवढ्याशा घरांत? नऊ नंबरची तर रडकुंडीला आली, तिला दमा आहे. शेवटी खरेदी मंजूर झाली, पण पुढच्या वेळी माल बघून घ्यावा अशा सूचनेसह.

लोडेवाइक सभांना येत राहिले. आता ते विश्वस्त नव्हते आणि कधी झालेच नव्हते, पण मंगळवारी सकाळी जायचं कुठे, म्हणाले. ते चित्राखाली, बरोबर कपाटाच्या जागी बसायचे. अध्यक्षबाई त्यांना कॉफी देत, बिस्किट देत नसत, कारण डबा आवाराचा आहे.

यिक्के बसायची अगदी पुढच्या खुर्चीत आणि विषय वाचून व्हायच्या आत म्हणायची, माझी हरकत नाही. पंपाची दुरुस्ती, हरकत नाही. खिडक्यांना हिरवा रंग, हरकत नाही. रविवारच्या प्रार्थनेला खोकू नये, हरकत नाही. हिलेगोंडाने एकदा तिला झापलं, की अगं वाचून तरी होऊ दे, लोकांनी इतिहास जतन केलाय आणि तू आगगाडी पकडायला निघाल्यासारखी करतेस. यिक्के म्हणाली, मला त्या मातीचं काय करायचंय बाई, ती कधीच जळून गेली. मला पुढचं स्टेशन गाठायचंय.

पण बाकीच्यांना गोडी लागली होती. मलाही. आमच्यातल्या कितीतरीजणींना उभ्या आयुष्यात कुणी कशाबद्दल मत विचारलं नव्हतं आणि आता अख्खं सतरावं शतक आमच्या होकारासाठी खोळंबून बसलं होतं. डॉक्टर तर रंगून गेले. उजवा कोपरा बाजूला ठेवून ते आमच्याकडेच बघून काहीबाही टिपून घेऊ लागले. समाजाचं प्रकरण अजून लिहायचं राहिलं होतं, म्हणाले.

जानेवारीत डाउवे पडला. सायकल एकीकडे, तो एकीकडे, पाण्यापासून हातभर अंतरावर. कुत्रा फिरवायला निघालेल्या कुणीतरी उचललं. मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात घेऊन तो तिसऱ्या दिवशी बसने आला आणि पत्ते एका हाताने कसे धरायचे ते यिक्केला दाखवत बसला. पुढच्या मंगळवारी आम्ही त्याच्याबद्दल सहानुभूतीचा ठराव केला. तो एकमताने झाला. मग पुन्हा सोळाशे अठ्ठ्याहत्तर सुरू झालं. यिक्के त्या दिवशी हरकत नाही असंसुद्धा म्हणाली नाही. तिने नुसती मान हलवली आणि सबंध सभाभर दाराकडे बघत होती.

अशा रीतीने आम्ही सोळाशे एक्याऐंशीपाशी आलो.

डॉक्टरांनी चष्मा नीट केला आणि वाचलं. सात नंबरची त्राइन, याकोबची मुलगी, विश्वस्त पाहणीला आल्या असता हसली. हसण्याचं कारण विचारलं असता पुन्हा हसली. सबब तिला आवाराबाहेर काढण्यात आलं.

एवढंच. एरवी मातीच्या ओलाव्यावर अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या बायका, पण आता प्रत्येकजण आपापल्या मांडीकडे बघत होती. पाहणी आजही होते. वर्षातून एकदा अध्यक्षबाई येतात आणि पलंगाखाली बघतात. काय बघतात ते त्यांनाही माहीत नाही, त्यांच्या आईनेही तिथेच बघितलं होतं. त्या वाकल्या की आपल्याला हसू येतं, हे प्रत्येकीला ठाऊक आहे आणि कुणी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

यिक्के उभी राहिली. सभांमध्ये ती पहिल्यांदाच उभी राहत होती.

“ही माझ्या घरातली बाई,” ती म्हणाली. “माझ्याच खिडकीतून बघत असणार. मी चाळीस वर्षं संसार केला, त्यात जेवताना हसलेलं आमच्या ह्यांना चालायचं नाही. इथे आले तेव्हा साठीची होते. पहिल्या रात्री एकटीने सूप प्यायले आणि मला इतकं हसू आलं, कशाचं ते देवाला माहीत. कुणी मला बाहेर काढलं नाही. मग तिला का? थंडीत कुठे गेली असेल ती? तिला परत घ्या. मी हरकत घेते.”

मग सगळ्याजणी बोलल्या. नऊ नंबरची बोलली, मी बोलले, हिलेगोंडा उभी राहून बोलली. पाहणीत हसण्याबद्दल घराबाहेर काढणं नामंजूर झालं, एकमताने. अध्यक्षबाई स्वतः लाल झाल्या होत्या, पण त्यांनी हरकत घेतली नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी कुणाच्या गळ्यात पडलं. मी यिक्केला धरलं तर ती हसत होती.

अध्यक्षबाई खाली बघून लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या.

“पण मग,” त्या हळूच म्हणाल्या, “सात नंबर रिकामं कधी झालं?”

आम्हाला आधी कळलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं आणि सांगताना त्यांना त्रास होत होता हे दिसत होतं. त्राइनला काढलं नाही असं आत्ता ठरलं. म्हणजे ती राहिली. म्हणजे तिच्यानंतर सात नंबरात ज्या ज्या बायका आल्या, त्या सगळ्या भरलेल्या घरात आल्या. घर एकीचं असतं, दोघींचं नाही.

“अहो पण ती मेली,” हिलेगोंडा म्हणाली.

रहिवासी बाई वारल्यास विश्वस्तांना कळवावं लागतं, बाई म्हणाल्या, मगच घर मोकळं होतं. तसं कुणी कळवलेलं नाही. मग सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. आणि डॉक्टर, जे आतापर्यंत आमच्यासाठी चारशे वर्षांतली कुठलीही गोष्ट चुटकीसरशी शोधून देत होते, ते म्हणाले थोडा वेळ द्या. पुढचे दोन आठवडे त्यांनी शहरातल्या एकूणएक चर्चची दफनं पालथी घातली, आसपासच्या गावांची घातली. प्लेगची यादी बघितली. त्राइन कुठेही पुरलेली सापडली नाही.

“डॉक्टर,” यिक्के त्यांना म्हणाली, “माणूस साडेतीनशे वर्षं जगतं का हो?”

“साधारणपणे नाही.”

“मग तसं लिहून द्या ना.”

“साधारणपणे नाही, असं देतो लिहून,” डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे झोप न झाल्यासारखे लाल होते. “ती मेली असं मी म्हणू शकत नाही, यिक्केबाई. पुरावा नाही. मी आज त्राइनसाठी पुराव्याशिवाय बोललो तर उद्या कपाटाचं कोण खरं मानेल?”

यिक्के त्यांच्यावर रागावली नाही. तिने त्यांना कॉफी दिली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली की मला रात्रीचं दार उघडून हवं होतं, आणि मी घरच देऊन बसले, तेही टाळ्या वाजवून.

आमच्याकडे कुणाला घराबाहेर काढणं कुणालाच जमत नाही आणि नियम मोडणंही जमत नाही, त्यामुळे मधला मार्ग निघेपर्यंत कुणी उठत नाही. तो मार्ग तिसऱ्या सभेत निघाला. घर त्राइनचं आहे ना, मग तिलाच विचारावं. फाटकाबाहेर नोटीस लावली, की सात नंबरची त्राइन, याकोबची मुलगी, हिने आपल्या घरात यिक्केबाईंना पाहुणी म्हणून राहू देण्यास हरकत असल्यास सहा आठवड्यांत कळवावं. शहर बघायला आलेल्यांनी नोटिशीचे फोटो काढले. कुणा टवाळाने खाली हृदय काढलं. हरकत आली नाही. त्राइन गप्प राहिली, तेव्हा तिचा होकार धरण्यात आला.

यिक्केला घरातून जावं लागलं नाही. पण ती आता रहिवासी नव्हती, पाहुणी होती. दारावरची पाटी रहिवासी बाईच्या नावाची असते. पाटीवर तिने स्वतः निळ्या रंगात यिक्के असं काढलं होतं, जवळ एक छोटा पूल. आयुष्यात पहिल्यांदा दारावर माझं नाव, असं येईल त्याला ती दाखवायची. अध्यक्षबाई म्हणाल्या, मी माणूस पाठवते. नको, म्हणाली, आणि स्वतः स्टुलावर चढून स्क्रू काढले. डाउवेने एका हाताने स्टूल धरलं. नवी पाटी त्राइनच्या नावाची लागली. आठवडाभरात त्राइनला कुठल्याशा चष्म्याच्या दुकानाची सवलतीची जाहिरातही आली.

वसंत सुरू झाला तेव्हा सोळाशे अठ्ठ्याऐंशी आलं.

पाहुण्यांना सभेत बसता येतं, बोलता येत नाही. यिक्के मागच्या रांगेत लोडेवाइकांच्या शेजारी बसली. डाउवे बाहेर अंगणात विहिरीपाशी बाकावर बसला होता, खिडकीतून त्याची टोपी दिसत होती. आम्ही सगळ्याजणी यिक्केच्या बाजूच्या होतो, हे मी शपथेवर सांगते. पण नियम वाचला गेला आणि एकेकजण बोलू लागली, तेव्हा कळलं की प्रत्येकीच्या मनात डाउवे सोडून दुसराच कुणी पुरुष आहे. नऊ नंबरच्या बाईचा भाऊ तिच्या घरी मुक्काम ठोकायला टपून बसला होता. अकरा नंबरच्या बाईचा मुलगा महिन्यातून दोनदा बायकोशी भांडतो. आणि हिलेगोंडाचा घटस्फोटित नवरा दर वर्षी तीन ऑक्टोबरला, शहराच्या मुक्तिदिनी, सगळे हेरिंग मासे आणि पाव खात असताना, पिऊन फाटकाशी येतो आणि गातो.

“मला तो नियम हवा,” हिलेगोंडा म्हणाली. ती यिक्केकडे बघत नव्हती. “रात्री फाटकाला कुलूप लागल्याचा आवाज आला की मला झोप लागते. मी खोटं बोलणार नाही. नियम राहू द्या.”

“कुणाची हरकत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि मला पुढे काय म्हणायचं ते सुचेना. हिलेगोंडाचे हात मी बघितले, ते मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते. कुणीच बोललं नाही. बाई नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ थांबल्या. मग त्यांनी लिहिलं. मंजूर.

यिक्के उठली. तिने खुर्ची अगदी आवाज न करता मागे सारली.

“बस गं,” हिलेगोंडा म्हणाली. “माझं संपलं नाही अजून.” आणि अध्यक्षबाईंकडे वळून तिने शाळेतला आवाज काढला. “हा नियम कुणाला लागू?”

“रहिवासी बायकांना.”

“सात नंबरची रहिवासी कोण?”

“त्राइन,” बाई म्हणाल्या. “याकोबची मुलगी.”

“त्राइनने कुणा पुरुषाला रात्री ठेवून घेतल्याचं कुणाच्या पाहण्यात आहे?”

बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “नाही,” ते म्हणाले, “तसा काहीही पुरावा नाही,” आणि हे वाक्य म्हणताना एखादा अभ्यासक इतका सुखी दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

“आणि पाहुणीकडे पाहुणा आला तर त्याचं काय, याबद्दल आजपर्यंत काही ठरलंय?”

डॉक्टरांनी पानं उलटली. तिघींनी नाही आणि चौघांनीही नाही, म्हणाले.

“मग जे ठरलंच नाही ते मोडणार कसं?” हिलेगोंडा खाली बसली. अध्यक्षबाईंनी त्यावर बराच विचार केला. खिडकीतून त्यांनी एकदा त्या टोपीकडे बघितलं. मग विचारलं, कुणाची हरकत, आणि लोडेवाइक सभेत पहिल्यांदाच काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्यांना फक्त शिंक आली.

शनिवारी डाउवे आपली एक बॅग घेऊन बसने आला. संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं तेव्हा मी शेजारी कान देऊन होते, नाही कशाला म्हणू. रेडिओ चालू होता. मग रेडिओ बंद झाला आणि यिक्के हसत असलेली ऐकू आली, बराच वेळ.

सकाळी तो सपाता घालून अंगणात आला, प्लास्टर निघालेला हात उन्हात धरून. हिलेगोंडा आपल्या कुंड्यांना पाणी घालत होती. तिने झारी खाली ठेवली. अनोळखी पुरुष दिसला की विचारायचंच, हा आमचा नियम आम्ही थंडीत पुन्हा मंजूर केला होता.

“नमस्कार,” ती म्हणाली. “कुणाकडे आलात आपण?”

डाउवेने पूल उचलायला लागावा तेवढा वेळ घेतला.

“त्राइनकडे,” तो म्हणाला.

“आहेत का घरात?”

“आहेत,” तो दाराकडे बघून म्हणाला. “उठल्या नाहीत अजून.”